गल्लीतल्या घरापासून एकसष्टच्या कोड्यापर्यंत

समजा, ठाण्याला कोलशेतच्या एका गल्लीत एकाच बाजूला ओळीने घरे आहेत. त्यांना १, २, ३, ४ असे क्रमांक दिलेले आहेत. तुमच्या वर्गातली एक मुलगी त्यांपैकी एका घरात राहते. एक दिवस तिच्या लक्षात येते, की आपल्या घराच्या डावीकडच्या सगळ्या घरांच्या क्रमांकांची बेरीज आणि उजवीकडच्या सगळ्या घरांच्या क्रमांकांची बेरीज अगदी सारखी आहे. तर तिच्या घराचा क्रमांक कोणता आणि गल्लीत एकूण घरे किती?

थोडी खटपट केली तर एक उत्तर मिळते. गल्लीत ८ घरे असतील आणि मुलीचे घर सहावे असेल, तर डावीकडे १ + २ + ३ + ४ + ५ = १५ आणि उजवीकडे ७ + ८ = १५. पण हे एकच उत्तर आहे का? गल्ली मोठी असेल तर? आणि कोणी विचारले, की ‘सगळी उत्तरे सांगा’, तर ती सगळी मिळाली हे कशावरून ठरवायचे?

हे कोडे जुने आहे. १९१४ साली इंग्लंडमधल्या ‘स्ट्रँड’ मासिकात ते आले होते. तिथे रस्ता बेल्जियममधला होता आणि घरे पन्नासपेक्षा जास्त पण पाचशेपेक्षा कमी होती. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ते रामानुजनना वाचून दाखवले आणि रामानुजननी एकच काय, सगळी उत्तरे एकदम देणारा वितत अपूर्णांक तिथल्या तिथे सांगितला. आपण रामानुजन नाही. पण शाळेतल्या बीजगणिताच्या आधाराने आपल्यालाही त्या सगळ्या उत्तरांपर्यंत जाता येईल.

कोडे समीकरणात मांडू

घराचा क्रमांक क्ष आणि घरांची संख्या न मानू. १ ते न या संख्यांची बेरीज न(न + १)/२ असते. डावीकडची बेरीज क्ष(क्ष − १)/२ आहे. उजवीकडची तेवढीच आहे. या दोन बेरजांत मधले घर क्ष मिळवले की एकूण बेरीज मिळते. म्हणून

क्ष(क्ष − १) + क्ष = न(न + १)/२, म्हणजेच क्ष² = न(न + १)/२.

दोन्ही बाजूंना ८ ने गुणून १ मिळवला, की उजवीकडे पूर्ण वर्ग तयार होतो: ८क्ष² + १ = (२न + १)². आता २न + १ ला ‘ज’ आणि २क्ष ला ‘क’ म्हटले, तर समीकरण असे दिसते:

ज² − २क² = १.

ज आणि क पूर्णांकच हवेत, कारण साडेतीनावे घर नसते. ज्या समीकरणांची उत्तरे फक्त पूर्णांकांत (किंवा फक्त परिमेय संख्यांत) शोधायची असतात, त्यांना डायोफँटसची समीकरणे म्हणतात. डायोफँटस हा अलेक्झांड्रियातला गणिती. तो स्वतः अपूर्णांकातली उत्तरेही चालवून घेई. पूर्णांकांचा आग्रह धरून एकघाती समीकरणे सोडवण्याची रीत आपल्याकडे आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये दिली. तिलाच पुढे कुट्टक म्हणू लागले. वरचे समीकरण मात्र वर्गाचे आहे. या जातीच्या समीकरणांना, म्हणजे ज² − न क² = १ यांना, आपल्या गणितींनी वर्गप्रकृती असे नाव दिले. (इथून पुढे ‘न’ ही दिलेली, पूर्ण वर्ग नसलेली संख्या समजावी.) ज हे ज्येष्ठ मूळ, क हे कनिष्ठ मूळ आणि उजवीकडे जी संख्या असेल तो क्षेप. आम्ही वर ज आणि क ही अक्षरे वापरली ती त्यासाठीच.

ब्रह्मगुप्तांची भावना

इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात एक नित्यसमानता दिली. तिला भावना म्हणतात. एका जोडीचा (अ, ब) क्षेप प असेल, म्हणजे अ² − नब² = प, आणि दुसऱ्या जोडीचा (च, ड) क्षेप फ असेल, तर

(अच + नबड)² − न(अड + बच)² = प × फ.

कंस सोडवून ही नित्यसमानता कोणीही पडताळू शकेल. तिचा अर्थ असा, की दोन जोड्या मिळून तिसरी जोडी तयार होते आणि क्षेपांचा गुणाकार होतो. दोन्ही क्षेप १ असतील, तर नव्या जोडीचाही क्षेप १.

आपल्या गल्लीसाठी न = २. सर्वांत लहान जोडी (३, २), कारण ९ − ८ = १. तिचा तिच्याशीच संयोग केला तर ज = ३ × ३ + २ × २ × २ = १७ आणि क = ३ × २ + २ × ३ = १२. म्हणजे २न + १ = १७, २क्ष = १२: आठ घरे, सहावे घर. (१७, १२) चा (३, २) शी पुन्हा संयोग केला की (९९, ७०) मिळते: ४९ घरे, पस्तिसावे घर. आणखी एकदा केला की (५७७, ४०८): २८८ घरे, २०४ वे घर. महालनोबिसांच्या कोड्याचे उत्तर हेच. हा क्रम कधीच संपत नाही, म्हणजे उत्तरे अनंत आहेत.

आता भावनेकडे दुसऱ्या नजरेने पाहू. नववीच्या वर्गात आपण द्विपद करणी शिकवतो. ३ + २√२ चा वर्ग करा: ९ + १२√२ + ८ = १७ + १२√२. तीच १७ आणि १२! म्हणजे भावना ही अ + ब√न या रूपातल्या संख्यांचा गुणाकारच आहे. आणि अ² − नब² म्हणजे अशा संख्येचा तिच्या अनुबद्ध जोडीशी, अ − ब√न शी, केलेला गुणाकार. या गुणाकाराला आज ‘नॉर्म’ म्हणतात. भावना एवढेच सांगते, की दोन संख्यांच्या गुणाकाराचा नॉर्म हा त्यांच्या नॉर्मांचा गुणाकार असतो.

ही नजर महत्त्वाची आहे. प्रश्न साध्या पूर्णांकांचा होता. त्याचे उत्तर शोधायला आपण √२ घालून संख्यांचे एक मोठे जग तयार केले आणि तिथे गुणाकार केला. बैजिक संख्याशास्त्राचा सारा खटाटोप याच कल्पनेवर उभा आहे.

एकसष्टचे कोडे

न = २ साठी पहिली जोडी आपल्याला नुसते पाहून सापडली. दर वेळी असे होईल का? न = ६० घेतले तर ३१² − ६० × ४² = ९६१ − ९६० = १. न = ६२ घेतले तर ६३² − ६२ × ८² = ३९६९ − ३९६८ = १. दोन्ही उत्तरे पाच-दहा मिनिटांत हाती लागतात. आता मधली ६१ घ्या. क = १, २, ३ अशा किमती घेत जा. शंभरापर्यंत काही मिळत नाही. हजारापर्यंत नाही. लाखापर्यंत नाही. कोटीपर्यंतही नाही.

इथे वर्गातला कोणीही विद्यार्थी म्हणेल, ‘सर, उत्तर नाहीच.’ त्याला काय सांगायचे? ‘उत्तर सापडले नाही’ आणि ‘उत्तर नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे आपण तोंडाने सांगतो. पण त्यांतले अंतर किती असू शकते याचा अंदाज मुलांना क्वचितच येतो. ६१ साठी उत्तर आहे. सर्वांत लहान क २२,६१,५३,९८० आहे. दर सेकंदाला एक किंमत तपासत, रात्रंदिवस न थांबता बसले, तरी तिथे पोहोचायला सात वर्षांहून अधिक काळ लागेल.

हे उत्तर भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथातल्या ‘बीजगणित’ या भागात दिले आहे. त्या वेळी त्यांचे वय ३६ होते. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाने असलेले विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. ते गाव नेमके कोणते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे आणि तो त्यांच्या घराण्याविषयी बरेच सांगतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला एक मठ स्थापन केला आणि त्याला निकुंभ घराण्याकडून दान मिळाले. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. आठशे वर्षांपूर्वी गणिताच्या अध्यापनासाठी मिळालेल्या दानाची नोंद दगडावर कोरून ठेवलेली आपल्याला तिथे आढळते.

चक्रवाल: चाकासारखी फिरणारी रीत

६१ चे उत्तर काढण्याच्या रीतीला चक्रवाल म्हणतात. ही रीत भास्कराचार्यांच्या आधीही होती. आचार्य जयदेव यांनी ती मांडली होती, असे उदयदिवाकर यांच्या इ. स. १०७३ च्या टीकेवरून कळते. भास्कराचार्यांनी ती सुबकपणे मांडली आणि ६१ सारखे अवघड उदाहरण घेऊन तिचे सामर्थ्य दाखवले.

रीतीची कल्पना सोपी आहे. क्षेप १ असलेली जोडी मिळत नसेल, तर कोणताही लहान क्षेप असलेली जोडी घ्या. ६१ च्या जवळचा वर्ग ६४. म्हणून ८² − ६१ × १² = ३. जोडी (८, १), क्षेप ३. आता हिचा संयोग (म, १) या जोडीशी करायचा. तिचा क्षेप म² − ६१. भावनेने नवी जोडी (८म + ६१, ८ + म) आणि तिचा क्षेप ३(म² − ६१). जोडीतल्या दोन्ही संख्यांना ३ ने भागता आले, तर क्षेपाला ९ ने भाग जाईल आणि तो पुन्हा लहान होईल. म्हणून म अशी निवडायची, की ८ + म ला ३ ने भाग जावा. हे काम कुट्टकाचे. शिवाय म² हा ६१ च्या शक्य तेवढा जवळ असावा. म = ७ घेतले तर ८ + ७ = १५, ला ३ ने भाग जातो, आणि ४९ − ६१ = −१२. नवी जोडी: (५६ + ६१)/३ = ३९ आणि १५/३ = ५. क्षेप −१२/३ = −४. ताळा पाहा: ३९² = १५२१, ६१ × २५ = १५२५, वजाबाकी −४.

चाक असेच फिरवत राहिले तरी शेवटी क्षेप १ येतोच. पण −४ आल्यावर भास्कराचार्य एक जवळची वाट धरतात. ती ब्रह्मगुप्तांनी दाखवलेली आहे. दोन्ही मुळांना २ ने भागले की क्षेपाला ४ ने भाग जातो. म्हणजे (३९/२, ५/२) या जोडीचा क्षेप −१. पूर्णांक हवे होते आणि मिळाले अर्धे! तरीही पुढे जाऊ.

या जोडीचा तिच्याशीच संयोग: (१५२३/२, १९५/२), क्षेप १.
तिचा पुन्हा (३९/२, ५/२) शी संयोग: (२९७१८, ३८०५), क्षेप −१. अर्धे गेले.
हिचा हिच्याशीच संयोग: ज = १,७६,६३,१९,०४९ आणि क = २२,६१,५३,९८०, क्षेप १.

चार पायऱ्यांत काम झाले. पाचशे वर्षांनंतर, १६५७ साली, फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने युरोपातल्या गणितींना आव्हान म्हणून असे प्रश्न घातले. त्यांत ६१ चाही समावेश होता. भारतातले हे काम तेव्हा तिथे माहीत नव्हते. इंग्लंडमधल्या ब्राउंकर यांनी रीत शोधली. पुढे ऑयलरच्या गैरसमजुतीमुळे समीकरणाला पेल या तिसऱ्याच माणसाचे नाव पडले, ते आजही चालू आहे. न पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर मिळतेच, याची सिद्धता लाग्रांजने १७६८ च्या सुमारास दिली. चक्रवाल रीत दर वेळी उत्तरापर्यंत पोहोचते याची सिद्धता ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये प्रसिद्ध केली.

अर्धे का चालले?

आता त्या अर्ध्यांचा विचार करू. (३९ + ५√६१)/२ या संख्येला टी म्हणू. तिची आणि तिच्या अनुबद्ध जोडीची बेरीज ३९ आणि गुणाकार −१. म्हणून टी ही टी² − ३९टी − १ = ० या समीकरणाचे मूळ आहे. या समीकरणात सर्व सहगुणक पूर्णांक आहेत आणि पहिला सहगुणक १ आहे. ज्या संख्या अशा समीकरणाचे मूळ असतात त्यांना बैजिक पूर्णांक म्हणतात. ३/४ सारखा अपूर्णांक असे मूळ कधीच असत नाही. त्यामुळे नेहमीच्या परिमेय संख्यांत बैजिक पूर्णांक म्हणजे आपले साधे पूर्णांकच.

वरकरणी टी मध्ये छेदात २ आहे, पण √६१ च्या जगात ती खरोखरच पूर्णांक आहे. न ला ४ ने भागून बाकी १ उरत असेल तर असे अर्धे चालतात, एरवी नाही. ६१ = ४ × १५ + १. शिवाय टी चा नॉर्म −१ आहे. ज्या बैजिक पूर्णांकाचा नॉर्म १ किंवा −१ असतो, त्याला एकक म्हणतात. त्याने भागले तरी पूर्णांकांच्या जगातून आपण बाहेर पडत नाही. साध्या पूर्णांकांत १ आणि −१ ही दोनच एकके. √६१ च्या जगात मात्र टी, टी², टी³ अशी अनंत एकके आहेत आणि ती सर्व, चिन्ह सोडले तर, एकट्या टी च्या धन किंवा ऋण घातांनी मिळतात. टी³ = २९७१८ + ३८०५√६१ आणि टी⁶ हे भास्कराचार्यांचे उत्तर. म्हणून ते एवढे मोठे आहे! आणि म्हणूनच आपण छातीठोकपणे म्हणू शकतो, की ६१ साठी याहून लहान उत्तर नाही आणि बाकीची सगळी उत्तरे याच्याच घातांतून मिळतात. एककांची ही रचना सर्वसाधारण स्वरूपात डिरिक्लेने १८४६ मध्ये सिद्ध केली.

पंचवीस, सव्वीस, सत्तावीस

आता दुसऱ्या जातीचे समीकरण घेऊ. २५ हा वर्ग, २७ हा घन. मध्ये एकटा २६. वर्ग आणि घन यांच्यामध्ये असा चेपलेला दुसरा पूर्णांक आहे का? फर्माचे म्हणणे होते की नाही. म्हणजे य² + २ = क्ष³ या समीकरणाला क्ष = ३, य = ±५ याखेरीज उत्तर नाही.

इथे शोधून भागणार नाही. कितीही शोधले तरी ‘याखेरीज नाही’ हे सिद्ध होत नाही. ऑयलरने १७७० च्या आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात युक्ती केली. त्याने डाव्या बाजूचे अवयव पाडले:

(य + √−२)(य − √−२) = क्ष³.

य सम असेल तर क्ष सम होईल आणि क्ष³ ला ८ ने भाग जाईल. पण य² + २ ला ४ नेही भाग जात नाही. म्हणून य विषम. मग दोन अवयवांना एककाखेरीज सामाईक विभाजक नाही, कारण त्याने त्यांच्या फरकाला, २√−२ ला, भागले पाहिजे. त्याचा नॉर्म ८ आहे, तर य² + २ विषम आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार घन असेल, तर त्या प्रत्येकी घन असल्या पाहिजेत. (या जगातली एकके १ आणि −१, तीही घनच आहेत.) म्हणून

य + √−२ = (अ + ब√−२)³.

कंस सोडवून √−२ चे सहगुणक सारखे ठेवले तर ब(३अ² − २ब²) = १. पूर्णांकांचा गुणाकार १ आहे, म्हणून ब = १ किंवा −१. ब = −१ घेतले तर ३अ² = १, अशक्य. ब = १ घेतले तर अ² = १. मग य = अ³ − ६अब² = ±५ आणि क्ष = अ² + २ब² = ३. फर्माचे म्हणणे खरे ठरले.

कुठे पाय घसरतो

हीच रीत आता य² + २६ = क्ष³ ला लावा. य विषम आहे हे तसेच निघते. २६ मध्ये १३ हा अवयव आहे, पण १३ नेही दोन्ही अवयवांना भाग जात नाही, कारण तसे झाले तर २६ ला १६९ ने भाग जावा लागेल. पुढे य + √−२६ = (अ + ब√−२६)³ लिहिले की ब(३अ² − २६ब²) = १. ब = १ घेतले तर ३अ² = २७, म्हणजे अ = ±३. मग क्ष = ९ + २६ = ३५ आणि य = ±(२७ − २३४) = ±२०७. पडताळा घ्या: २०७² = ४२८४९, त्यात २६ मिळवले की ४२८७५, म्हणजे ३५³. छान! ब = −१ ला उत्तर नाही. निष्कर्ष: क्ष = ३५, य = ±२०७ हेच एकमेव उत्तर.

आता वर्गातल्या सहावीतल्या मुलालाही विचारा. तो सांगेल, १ + २६ = २७. क्ष = ३, य = १! आपल्या भारदस्त सिद्धतेला सर्वांत सोपे उत्तरच दिसले नाही. मग चूक कोणत्या ओळीत आहे?

चूक ‘परस्परांशी संबंध नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार घन असेल, तर त्या प्रत्येकी घन’ या ओळीत आहे. साध्या पूर्णांकांत हे खरे आहे, कारण तिथे प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. √−२६ च्या जगात पाहा:

२७ = ३ × ३ × ३ = (१ + √−२६)(१ − √−२६).

३ चे आणखी तुकडे पाडायचे तर नॉर्म ३ असलेली संख्या लागेल; पण अ² + २६ब² = ३ होत नाही. १ + √−२६ चा नॉर्म २७, तोडायला पुन्हा नॉर्म ३ चीच संख्या हवी. म्हणजे दोन्हीकडचे अवयव न तुटणारे आहेत आणि तरीही ते वेगळे आहेत. एकमेव अवयवीकरण इथे मोडते.

मग √−२ ला ते का टिकले? कारण तिथे बाकी ठेवून भागाकार करता येतो. भागाकाराचे दोन्ही भाग जवळच्या पूर्णांकाला आणले, तर प्रत्येकात फरक जास्तीत जास्त अर्ध्याचा. त्या फरकाचा नॉर्म जास्तीत जास्त १/४ + २/४ = ३/४, म्हणजे १ पेक्षा कमी. म्हणून बाकी भाजकापेक्षा ‘लहान’ राहते आणि मसावि काढण्याची युक्लिडची रीत चालते. एकमेव अवयवीकरण त्यातूनच येते. चौथीत शिकवलेला ‘भाजकापेक्षा बाकी लहान हवी’ हा नियम किती खोलवर जातो ते इथे दिसते.

ही घसरण थोरामोठ्यांचीही झाली आहे. १ मार्च १८४७ रोजी लामे यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत फर्माचे शेवटचे प्रमेय सिद्ध केल्याचे जाहीर केले. त्यांनी समीकरणाचे असेच अवयव पाडले होते. लिउव्हिल यांनी तिथेच शंका काढली, की अवयवीकरण एकमेव आहे हे कशावरून? ते नसते हे जर्मनीत कुमर यांनी आधीच दाखवून दिले होते. लामे यांची सिद्धता तिथेच कोसळली.

हरवलेल्या संख्या

कुमरचा उपाय समजायला एक सोपे उदाहरण घेऊ. ४ ने भागून बाकी १ उरते अशाच संख्या जगात आहेत असे माना: १, ५, ९, १३, १७, २१, २५... यांचा आपापसांतला गुणाकार याच यादीत राहतो. या जगात ९, २१ आणि ४९ तुटत नाहीत, कारण ३ आणि ७ यादीत नाहीत. पण ४४१ = ९ × ४९ = २१ × २१. दोन वेगळी अवयवीकरणे! आपण बाहेरून पाहतो म्हणून आपल्याला कारण दिसते: खरे अवयव ३ × ३ × ७ × ७ आहेत, ३ आणि ७ ‘हरवले’ आहेत.

कुमर म्हणाले, √−२६ सारख्या जगातही असे हरवलेले अवयव आहेत असे मानू. त्यांना त्यांनी ‘आदर्श संख्या’ म्हटले. पुढे १८७१ मध्ये डेडेकिंडने त्यांना नेमके रूप दिले: एखाद्या हरवलेल्या संख्येच्या ऐवजी तिच्या सर्व पटींचा संच घ्यायचा. या संचांचे अवयवीकरण मात्र एकमेव असते. √−२६ च्या जगात ३ चे प आणि फ असे दोन हरवलेले अवयव पडतात आणि १ + √−२६ हा त्यांपैकी एकाचा, समजा प चा, घन असतो. म्हणजे तो घन आहे, पण जगात प्रत्यक्ष असलेल्या संख्येचा नाही. म्हणून आपल्या रीतीला तो दिसला नाही.

हरवलेल्या संख्या किती प्रकारच्या आहेत, हे मोजणारी एक संख्या असते. तिला वर्गांक म्हणू. एकमेव अवयवीकरण असेल तर वर्गांक १. √−२६ साठी तो ६ आहे. ६ ला ३ ने भाग जातो, म्हणून घनाच्या बाबतीत फसगत होऊ शकते. √−५ साठी तो २ आहे. तिथेही अवयवीकरण मोडते: ६ = २ × ३ = (१ + √−५)(१ − √−५). पण २ ला ३ ने भाग जात नाही, म्हणून घनाचा युक्तिवाद सुरक्षित राहतो. य² + ५ = क्ष³ ला तो लावला तर ब(३अ² − ५ब²) = १, म्हणजे ३अ² = ६ किंवा ३अ² = ४. दोन्ही अशक्य. म्हणून या समीकरणाला एकही उत्तर नाही, आणि हे ‘नाही’ पक्के आहे. य² + २६ = क्ष³ ची फेरतपासणी प आणि फ लक्षात घेऊन केली, की (३, ±१) आणि (३५, ±२०७) एवढीच उत्तरे आहेत असे ठरते.

पुढचा रस्ता

कोणतेही डायोफँटसचे समीकरण दिले, तर त्याला उत्तर आहे की नाही हे ठरवणारी एकच सर्वसाधारण रीत असेल का, असा प्रश्न हिल्बर्टने १९०० साली विचारला. अशी रीत असूच शकत नाही, हे १९७० मध्ये मातियासेविच यांनी सिद्ध केले. म्हणून समीकरणांच्या एकेका जातीसाठी वेगळी हत्यारे घडवावी लागतात. ॲलन बेकर यांनी १९६६ पासून दिलेल्या पद्धतीने कित्येक समीकरणांच्या उत्तरांना ‘याच्यापेक्षा मोठे उत्तर नाही’ अशी मर्यादा घालता येते. या विषयात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मोठे काम झाले. तिथले टी. एन. शोरे आणि हॉलंडचे तायदमन यांनी घातांकी डायोफँटस समीकरणांवर १९८६ साली लिहिलेला ग्रंथ अभ्यासकांच्या नित्य वापरात आहे. फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता वाइल्स यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. तिची हत्यारे वेगळी आहेत, पण प्रश्नाला मोठ्या जगात नेऊन सोडवण्याचा मार्ग तोच.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. न = ३, ५, ६, ७ साठी ज² − नक² = १ ची सर्वांत लहान जोडी शोधायला सांगा. मग १३ द्या. मुले शंभराच्या पुढे गेल्यावरच ‘उत्तर नाही’ म्हणू लागतील. तेव्हा (६४९, १८०) ही जोडी पडताळायला द्या.

२. चक्रवाल रीतीने १३ ची जोडी काढा. सुरुवात ४² − १३ × १² = ३ पासून करा. म = २ घेतले की क्षेप −३ येतो. पुढची पायरी म = ४ ची. १ आणि −१, दोन्ही क्षेप कुठे येतात ते पाहा.

३. १, ५, ९, १३... या यादीत दोन प्रकारे अवयव पडणाऱ्या आणखी संख्या शोधा. ६९३ पासून सुरुवात करता येईल: ९ × ७७ आणि २१ × ३३.

४. प्रत्येक उत्तरासोबत मुलांना एक वाक्य लिहायला लावा: ‘मला एक उत्तर सापडले’, ‘मला सापडले नाही’, ‘उत्तर नाहीच’ किंवा ‘हीच सगळी उत्तरे आहेत’. शेवटच्या दोन वाक्यांपुढे ‘कारण’ लिहिल्याशिवाय गुण देऊ नयेत.